विहिणीची लाथ

द्रोणागिरीला बहिणीकडे राहून मी घरी परत आले, तर हॉलमधला टीपॉय गॅलरीत जाऊन बसला होता. सोफा भिंतीला चिकटवलेला, सतरंजी गुंडाळून दाराआड उभी केलेली, आणि मधल्या मोकळ्या फरशीवर माझी नात आणि माझी विहीण समोरासमोर उभ्या. दोघींच्या मुठी कमरेला. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दारात. एका पिशवीत बहिणीने बांधून दिलेले सुके बोंबील होते. त्यांचासुद्धा वास कुणाला आला नाही, म्हणजे बघा.

"आजी, थांब!" नात ओरडली. मला वाटलं, आता धावत येऊन गळ्यात पडेल. तर म्हणते कशी, "आत यायच्या आधी वाकायचं असतं. हा डोजो आहे आता."

डोजो म्हणजे कराटे शिकायची जागा, हे मला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच कळलं की माझ्याच घरात शिरायला मला वाकायला सांगतायत.

"वाकते हां," मी म्हटलं. "पयलं पानी दे."

पाणी आणलं ते विहिणीने. माझ्या स्वयंपाकघरातून, माझ्या पेल्यात, अगदी न शोधता. "बसा विहीणबाई, दमून आलात," ती म्हणाली. माझ्या घरात मला बसा म्हणाली! चांगुलपणानेच म्हणाली हो, पण मला लागलं.

आता झालं होतं असं की माझी बहीण मोरीत घसरली, तिचा पाय प्लास्टरमध्ये, आणि तिच्याकडे बघायला कुणी नाही. म्हणून मी गेले, ती चांगले दीड-दोन महिने तिकडेच अडकले. इकडे मुलगा आणि सून दोघं ऑफिसला जाणारे, नात पाचवीतली, तिला घरी एकटं कसं ठेवणार? मग सुनेची आई ऐरोलीहून आमच्याकडे तळवलीला राहायला आली. पोस्टात नोकरी करून रिटायर झालेली बाई, वेळेची पक्की. मीच फोनवर म्हटलं होतं, "तुमी हाय म्हनून मना काळजी नाय." मला कुठे ठाऊक होतं, काळजी नंतर सुरू होणार म्हणून.

त्याआधी आमच्या घरात रीत अशी होती, की मी नुसती 'आजी' आणि ती 'ऐरोलीची आजी'. नातीनेच बोलायला लागल्यापासून ठरवलेलं. मी परत आले त्या रात्री जेवताना नात म्हणाली, "आजी, भात वाढ ना," आणि मी भाताच्या पातेल्याकडे हात नेला तर ती म्हणाली, "अगं तू नाही, आजी वाढेल." मी हात मागे घेतला. सुनेच्या लक्षात आलं असावं, कारण ती एकदम वरणाला फोडणी कशी छान बसलीय ते सांगायला लागली. वरणाची फोडणीही तिच्या आईचीच.

मला जळल्यासारखं झालं. दुसरा शब्द नाही त्याला. छातीच्या थोडं खाली, जिथे पित्त होतं ना, तिथे.

विहीण आठवड्याभरात ऐरोलीला परत गेली. मी टीपॉय जागेवर आणला, सतरंजी अंथरली, आणि म्हटलं झालं, आता माझं घर माझं. पण कराटे काही गेलं नाही. आमच्या गावच्या समाज मंदिरात संध्याकाळी मुलांचा क्लास चालायचा, त्यालाच जोडून बायकांचाही सुरू झालेला. शिकवणारी गावचीच मुलगी. तिला मी लंगोटात पाहिलंय, आणि आता सगळी मुलं तिला सेन्सेई म्हणतात, म्हणजे गुरू. विहीण नातीला सोडायला जाता जाता स्वतःच नाव घालून आलेली. आणि ऐरोलीला परत गेल्यावरही बाईने क्लास सोडला नाही. बस पकडून यायची, क्लास करायची, नातीला आमच्या दारात सोडायची आणि "येते हं विहीणबाई" म्हणून जायची. नात घामेघूम होऊन आत शिरायची ती तिच्याच गोष्टी सांगत. आज आजीने एका पायावर उभं राहून दाखवलं. आज आजीचा ठोसा सगळ्यात सरळ होता.

 मग एक दिवस नात म्हणाली, समाज मंदिराच्या पटांगणात कार्यक्रम आहे, क्लासच्या मुलांनी घरातल्या एका मोठ्या माणसाबरोबर जोडीने कराटे करून दाखवायचं. सगळा गाव बघायला येणार.

"मग तू कोनासंगं करनार?" मी विचारलं. मला उत्तर ठाऊक होतं, तरी विचारलं.

"ऑफकोर्स, आजीबरोबर."

आमचा गाव हा. माझ्या सासऱ्यांनी जिथे भात लावला, तिथे आज ही बिल्डिंग उभी आहे. त्या पटांगणात माझ्या नातीबरोबर ऐरोलीची बाई उभी राहणार आणि मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवणार? दुसऱ्या दिवशी मी समाज मंदिरात गेले.

शिकवणाऱ्या मुलीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काकी, तुम्ही? झेपेल का?"

"शेतात वाकून लावनी केलीय मी. तू झेपायचं नको सांगू. फक्त मना सांग, जोडी कोनाची कोनाबरोबर, हे कोन ठरवनार?"

ती हसली. म्हणाली, "मी ठरवणार. कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी सगळ्यांचं बघीन. ज्याचं नीट, तो पटांगणात. नातीला कोण पाहिजे ते पण विचारीन."

म्हणजे अजून ठरलेलं नव्हतं. मला तेवढंच हवं होतं.

पांढरा ड्रेस आणला. आयुष्यात पहिल्यांदा पायजमा घातला, या वयात, आणि बेडरूमचं दार लावून आरशासमोर उभी राहिले. वाईट नव्हता दिसत. पण पट्टा! तो बांधायची काही वेगळी गाठ असते. मी आपला तो कमरेला घट्ट गुंडाळला आणि टोक खोचलं, जसं आम्ही पदर खोचतो तसं. क्लासमध्ये पहिला ठोसा मारला आणि पट्टा सुटून पायांत आला. नात पलीकडच्या रांगेतून म्हणाली, "आजी, ही काय साडी आहे का?" सगळी पोरं खिदळली. विहीण पुढे आली, माझ्यासमोर गुडघ्यावर बसली आणि तिने गाठ बांधून दिली. नातीने शिकवलेली गाठ. मी वर छताकडे बघत राहिले.

पण त्याआधी काय झालं ते सांगायचं राहिलं. क्लास सुरू होताना रांग लावतात. क्लासला आधी लागलेला उजवीकडे, नंतर लागलेला डावीकडे. वय नाही, नातं नाही, गाव नाही. मी सगळ्यात नंतर आलेली, म्हणून माझी जागा पार डाव्या टोकाला, चपलांच्या ढिगाशेजारी. आणि नंतर आलेल्याने आधीच्याला वाकून नमस्कार करायचा.

आता तुम्हीच सांगा. मी मुलाची आई. लग्नात या बाईने माझे पाय धुतले, मला साडी नेसवली, माझ्या पंगतीत स्वतः उभं राहून वाढलं. मी काही मागितलं नव्हतं, पण रीत होती, आणि खरं सांगू, मला ती रीत आवडली होती. आमच्या घरात येताना आजही ती आधी मला विचारते, "येऊ का?" आणि इथे मी तिला वाकायचं.

रांग लागली तशी तीही गडबडली. तिने आपली जागा सोडली, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "विहीणबाई, तुम्ही तिकडे उभ्या राहा. मी इथे राहते. तुम्ही आधी."

"नको नको, तुमीच राहा," मी म्हटलं, आणि पाऊल मात्र तिच्या जागेकडे टाकलं.

"अहो तुम्ही..."

"ओ विहिणी!" शिकवणारी मुलगी ओरडली. "इथे कुणी कुणाची विहीण नाय. जागेवर!"

गेलो दोघी जागेवर. मग नमस्कार. मी वाकले ती इतकी कमी, की हलले असं फक्त मलाच कळलं असेल. आणि ती बाई सवयीने मला परत वाकली, माझ्यापेक्षा खाली, अगदी पायांपर्यंत हात आणला. पोरी तोंडावर हात ठेवून हसत होत्या. मला मात्र त्या वाकण्याने बरं वाटलं. बराच वेळ बरं वाटलं.

तिचं कराटे चांगलं होतं, हे मी कबूल करायला तयार नव्हते, पण डोळे होतेच की मला. उंच बाई, पाठ सरळ. साडीत ती कधी माझ्या डोळ्यांत भरली नव्हती, पांढऱ्या ड्रेसमध्ये भरायला लागली. लाथ मारताना तिचा पाय कमरेपर्यंत जायचा, माझा गुडघ्याशी थांबायचा. माझं एकच चांगलं होतं, आवाज. ठोसा मारताना पोटातून ओरडायचं असतं. या शेताच्या बांधावरून त्या शेतात हाका मारून वाढलेली मी. पहिल्यांदा ओरडले तेव्हा बाहेर कट्ट्यावर पत्ते खेळणारे म्हातारे आत डोकावून गेले. नात म्हणाली, "वॉव, आजी!" मी त्या 'आजी'वर चार दिवस काढले.

घरी मी गच्चीवर सराव करायची. दुपारी, सगळे कामावर गेले की. पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहायचं, म्हणजे पाठ सरळ. समोर वाळत घातलेल्या चादरी. त्या चादरींना मी काय काय मारलंय, काही विचारू नका. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी आयटीतली मुलगी एकदा कपडे काढायला आली आणि दारातच थबकली. "काकू, सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "ठीक हाय. तुझी चादर हाय का ही? मग दुसरी मारते."

हळूहळू मला जमायला लागलं. तसं मला वाटत होतं. जोडीने सराव सुरू झाला, एकीने छातीशी जाड पॅड धरायचा, दुसरीने त्यावर लाथ मारायची. शिकवणाऱ्या मुलीने मुद्दाम की काय, मला आणि विहिणीला एकत्र घातलं. मी मारली की विहीण दोन पावलं मागे जायची. "बाप रे, काय ताकद आहे हो तुमची!" आणि ती मारायची तेव्हा मी जागची हलायचे नाही. नात टाळ्या वाजवायची. मी मनात पटांगण बघायला लागले. मी आणि नात मध्ये, आणि विहीण खुर्चीत.

मग एका संध्याकाळी मी पाणी प्यायला बाजूला गेले होते, तेव्हा विहिणीची जोडी दुसऱ्या एका बाईशी लागली. तरुण, धट्टीकट्टी बाई. विहिणीने लाथ मारली आणि पॅडवर असा आवाज आला, धप्प, की माझ्या तोंडातलं पाणी खाली आलं. ती धट्टीकट्टी बाई मागे जाऊन भिंतीला टेकली. परत मारली. परत धप्प.

असा आवाज माझ्या पॅडवर एकदाही आला नव्हता.

मी ग्लास खाली ठेवला. तुम्हाला वाटेल मला अपमान वाटला असेल. वाटलाच. पण त्याहून जास्त मला जळायला झालं, कारण माझ्यापाशी ना ती लाथ होती, ना ती लाथ लपवायचा मोठेपणा. दोन्ही तिच्याकडेच. इतके दिवस ती मला जिंकवत होती, आणि मी आपली गच्चीवर चादरी मारून खूश.

क्लास सुटल्यावर नात पुढे पळाली. मी विहिणीला बस स्टॉपच्या रस्त्याला गाठलं.

"तुमी मना खोटी लाथ का मारता?"

ती थांबली. आधी म्हणाली, "नाही हो, तसं काही..." मी तिची वाट अडवून उभी राहिले. मग ती म्हणाली, "विहीणबाई, ज्या माणसाचे पाय धुतले, त्याला लाथ कशी मारायची? मला होत नाही. पाय उचलते आणि आपोआप आखडतो."

"ते लग्नात. लग्नाला किती वर्षं झाली."

"माझी मुलगी तुमच्या घरात आहे," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली. "मी इथे तुम्हाला पाडलं आणि तुम्हाला मनात काही राहिलं, तर ते कुणाला भोगावं लागणार?"

 "मी तुमच्या पोरीला कधी काय बोलले? तिलाच विचारा."

"नाही बोललात. मला माहीत आहे. तरी भीती असते. मुलीच्या आईला ती असतेच, तुम्हाला मुलगी नाही म्हणून तुम्हाला नाही कळणार."

बस लांबून दिसायला लागली. मला कळत होतं की इथे मी तिचा हात हातात घ्यायला पाहिजे. नाही घेतला. माझ्या मनात रविवारच होता.

"ऐका," मी म्हटलं. "रविवारी खरी मारा. मना ही नात फुकट नको. आनि नाय मारलीत ना, तर मग तुमच्या पोरीला खरंच बोलेन. रोज बोलेन. भाजीत मीठ जास्त, भाजीत मीठ कमी."

ती आधी घाबरली, मग हसली, आणि बसमध्ये चढताना तिने परत मागे वळून बघितलं, मी थट्टा करतेय की काय ते बघायला. मी तोंड सरळच ठेवलं.

रविवारी समाज मंदिरात बरीच माणसं. आयाबाया, आजोबा. माझी सून दारात उभी, सुट्टी होती म्हणून आलेली. शिकवणाऱ्या मुलीने एकेक जोडी पुढे बोलावली, आणि आम्ही दोघी आलो. पहिली माझी पाळी. मी सगळी गच्ची, सगळ्या चादरी आठवून लाथ मारली, ओरडले तर अशी, की कुणाचं तरी तान्हं बाळ रडायला लागलं. विहीण एक पाऊल मागे गेली. नाटकाचं नाही, खरं. मी चेहरा बघितला तिचा.

मग मी पॅड घेतला, छातीशी धरला. ती समोर उभी राहिली. तिने एकदा दाराकडे, आपल्या मुलीकडे बघितलं. मी हळूच म्हटलं, "मीठ."

आणि तिने मारली.

मला आधी आवाज ऐकू आला आणि मग कळलं की मी मॅटवर बसलेय. पाय पसरून, पॅड मांडीवर, जशी दुपारी तांदूळ निवडायला बसते तशी.  दारात माझी सून पांढरीफटक पडली होती. विहीण दोन्ही हात पुढे करून धावली, तिच्या डोळ्यांत पाणी. "लागलं का हो? विहीणबाई, लागलं का?"

"ओस!" मी बसल्या जागेवरून ओरडले. कराटेत हो म्हणायचं तर तसं म्हणतात.  मग पोरं हसली, मग मोठी हसली, मग मीही हसले, पण आतून नाही.

शिकवणाऱ्या मुलीने नातीला विचारलं, कोण पाहिजे. नात माझ्याकडे बघत राहिली थोडी. तेवढं तिने केलं, हे मी विसरणार नाही. मग जाऊन विहिणीशेजारी उभी राहिली.

त्या दिवशी सून गरम पाण्याची पिशवी घेऊन माझ्या खोलीत आली. "आई, माझ्या आईचं चुकलं. तिच्या लक्षात नाही आलं..."

"चुकलं नाय," मी म्हटलं. "इतक्या वर्षांत पयल्यांदा तिनं मना नीट वागवली. पिशवी इकडं दे, आनि तू जेव जा."

ती दारापर्यंत गेली, परत आली, माझ्या पायाशी बसली आणि गप्पा मारत राहिली. तिच्या ऑफिसच्या, तिच्या लहानपणच्या. आई तिला शाळेत कशी सोडायची त्या. मी ऐकलं. त्यातलं काही मला आधी ठाऊक नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी खरंच खुर्चीत बसले. पहिल्या रांगेत, मानाची खुर्ची, पण मला नको होती. पटांगणात दिवे लावलेले. नात आणि विहीण मध्ये आल्या. नातीचा ठोसा, विहिणीचा हात आडवा. विहिणीचा ठोसा, नातीचा हात. एकदाही चुकल्या नाहीत. शेवटी विहिणीने लाथ उचलली, नातीने धरलेल्या छोट्या फळीवर मारली आणि फळीचे दोन तुकडे. गावातली माझ्या वयाची एक बाई माझ्या कानाला लागली, "कोन गो ती? झ्याक करते." मी म्हटलं, "विहीन हाय माझी." ती म्हणाली, "मंग तू का नाय?" मी म्हटलं, "बघ तिकडं, नंतर बोल."

टाळ्या मी वाजवल्या. सगळ्यांच्या शेवटी सुरू केल्या, एवढंच.

कार्यक्रम संपला तशी नात पळत आली. "आजी, नीट दिसलं ना तुला?"

"दिसलं. पुढच्या वेळी मी हां तुझ्यासंगं."

"पण पुढच्या वेळी पण तीच करणार म्हणाली."

"कोन म्हनाली?"

"आजी. आत्ताच."

मी तिकडे बघितलं. विहीण पटांगणाच्या कडेला पाणी पीत होती. तिनेही माझ्याकडे बघितलं. मी वाट बघितली, आता म्हणेल, नको हो विहीणबाई, तुम्ही आधी, मी आपली अशीच म्हणाले. तिने बाटलीचं झाकण लावलं, पट्टा घट्ट केला, आणि मला वाकून नमस्कार केला. पायांपर्यंत नाही. क्लासमध्ये करतात तेवढाच, कमरेतून, आणि लगेच सरळ झाली.

मला तिचा असा राग आला, काय सांगू.

पुढचा क्लास होता त्या दिवशी मी चहासुद्धा न घेता वेळेच्या बऱ्याच आधी समाज मंदिरात पोचले. म्हटलं, आज तरी मी पहिली. दार उघडंच होतं. ऐरोलीहून बस पकडून ती माझ्या आधी आली होती, आणि एकटीच लाथा मारत होती.